एकनाथी भागवतातील वासनाविचार : निग्रह आणि स्वेच्छा यांच्या संबंधाची चिकित्सा

प्रस्तावना

भक्तिमार्ग हा सर्वांत सुलभ मार्ग आहे, असे मराठी संतांनी वारंवार सांगितले आहे. त्याच संतांनी त्याच श्रोत्यांना इंद्रिये आवरण्याचा, जिव्हेला मर्यादा घालण्याचा आणि मनाच्या ओढीमागे न जाण्याचा उपदेशही तितक्याच आग्रहाने केला आहे. मार्ग खरोखर सुलभ असेल तर निग्रहाची एवढी आवश्यकता का भासावी? आणि निग्रह अपरिहार्य असेल तर ज्याला तो साधत नाही अशा सामान्य प्रापंचिकाला भक्तीच्या दारात उभे राहण्याचा अधिकार कोणत्या आधारावर मिळतो? संतसाहित्याचा अभ्यास करताना हा प्रश्न पदोपदी समोर येतो. संतांना केवळ वैराग्याचे पुरस्कर्ते मानणाऱ्या वाचकाला पहिल्या विधानाचा अर्थ लागत नाही, तर संतांना केवळ सुलभ नामाचे प्रचारक मानणाऱ्याला दुसऱ्याचा.

संतांच्या कार्याविषयीची आधुनिक मराठी चर्चा प्रामुख्याने समाजाच्या अंगाने झाली. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या ग्रंथात संतांच्या चळवळीला राष्ट्रोदयाच्या पूर्वतयारीचे स्थान दिले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी संतांच्या निवृत्तिपर शिकवणुकीवर कठोर टीका केली. गं. बा. सरदार यांनी 'संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' (१९५०) या ग्रंथात या वाङ्मयाच्या सामाजिक परिणामांचे साक्षेपी मूल्यमापन केले. या सर्व चर्चेत प्रवृत्ती आणि निवृत्ती हे शब्द मुख्यतः समाजाच्या गतीसंबंधाने वापरले गेले. एकेका माणसाच्या अंतःकरणातील वासना आणि तिचे नियमन हा प्रश्न त्यामुळे काहीसा मागे पडला. प्रस्तुत लेखात 'एकनाथी भागवत' या ग्रंथाच्या आधारे त्या प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे. एकनाथ स्वतः गृहस्थाश्रमी होते आणि त्यांनी टीकेसाठी निवडलेल्या भागवताच्या एकादश स्कंधात वासनेचा विचार अनेक बाजूंनी आला आहे. म्हणून ही निवड समर्थनीय ठरते.

पूर्वपीठिका : गीतेतील प्रश्न

एकनाथांच्या विचाराची पार्श्वभूमी समजून घेण्यासाठी प्रथम भगवद्गीतेकडे वळणे आवश्यक आहे. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी हा वारकरी संप्रदायाचा आधारग्रंथ होय आणि तिच्या पाठशुद्धीचे कार्य शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये स्वतः एकनाथांनी केले. त्यामुळे गीतेची मांडणी त्यांच्या चिंतनाच्या मुळाशी होती, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या अखेरीस शास्त्रविधी सोडून केवळ आपल्या इच्छेच्या ओढीने वागणाऱ्याला सिद्धी, सुख किंवा परमगती यांपैकी काहीच लाभत नाही, असा स्पष्ट निर्वाळा आहे. येथे विधी आणि कामकार, म्हणजे नियम आणि स्वेच्छा, हे दोन पक्ष समोरासमोर उभे केले आहेत. हा निर्वाळा अंतिम असता तर विषय तेथेच संपला असता. परंतु सतराव्या अध्यायाच्या आरंभीच अर्जुन एक अडचणीचा प्रश्न उपस्थित करतो. शास्त्रविधी बाजूला राहिला आहे, पण श्रद्धा मात्र आहे, अशा माणसाची निष्ठा कोणत्या प्रकारची मानावी? अर्जुनाच्या या प्रश्नाने विधी आणि स्वेच्छा यांच्या मध्ये श्रद्धा हे तिसरे तत्त्व आणून ठेवले. ज्यांना शास्त्राचे अध्ययन उपलब्धच नव्हते, अशा स्त्रीशूद्रादिकांच्या दृष्टीने या तिसऱ्या तत्त्वाचे महत्त्व किती मोठे होते हे वेगळे सांगावयास नको.

त्याच अध्यायात पुढे दंभ आणि अहंकार यांनी प्रेरित होऊन शरीराला पीडा देणाऱ्या घोर तपाची निंदा केली आहे. हा मुद्दा विशेष विचारार्ह आहे. देहदंड हा वरवर पाहता निग्रहाचा पराकोटीचा आविष्कार, पण गीता त्याच्या मुळाशी वासनाच पाहते. मोठेपणाची, बळाची, लोकांकडून मान मिळविण्याची इच्छा तपाचा वेष धारण करून येऊ शकते. म्हणजे एखादे आचरण कठोर आहे एवढ्यावरून ते संयमाचे ठरत नाही.

दुसऱ्या अध्यायात हाच विचार वेगळ्या बाजूने आला आहे. आहार तोडलेल्या माणसापासून विषय दूर होतात, परंतु विषयांची गोडी त्याच्या ठायी शिल्लक राहते आणि ती गोडी परतत्त्वाच्या दर्शनानेच ओसरते. तिसऱ्या अध्यायात तर प्राणिमात्र आपापल्या प्रकृतीप्रमाणे वागतात, तेथे निग्रह काय करणार, असा सवालच केला आहे. त्यापाठोपाठ रागद्वेषांच्या अधीन न होण्याचा उपदेशही येतो. सातव्या अध्यायात धर्माला विरोधी नसलेला काम हे परमेश्वराचेच एक रूप म्हटले आहे. ही विधाने एकत्र वाचली असता गीतेत वासनेचा सरसकट निषेध नाही आणि निग्रहाचा सरसकट गौरवही नाही, हे ध्यानात येते. वासनेची गोडी कशाने बदलते, हा गीतेपुढील खरा प्रश्न आहे. एकनाथांना तो या स्वरूपात वारशाने मिळाला.

नियमाचे प्रयोजन

एकनाथी भागवत ही भागवतपुराणाच्या एकादश स्कंधावरील ओवीबद्ध टीका होय. मूळ स्कंधाप्रमाणे तिचेही ३१ अध्याय असून तिची ओवीसंख्या १८,००० हून अधिक आहे. ग्रंथाचा आरंभ पैठण येथे झाला आणि शके १४९५ म्हणजे इ. स. १५७३ मध्ये तो वाराणसी येथे पूर्णत्वास गेला. संस्कृतातील तत्त्वविचार मराठी श्रोत्याच्या आटोक्यात आणणे हा या टीकेचा हेतू असल्याने तिच्या विवेचनात दृष्टान्तांना आणि लोकव्यवहारातील अनुभवांना मोठे स्थान आहे.

या स्कंधाच्या पाचव्या अध्यायात नियमांच्या उगमासंबंधी एक मार्मिक विचार आला आहे. स्त्रीपुरुषसंग, मांसाहार आणि मद्यपान यांची ओढ प्राण्याला स्वभावतःच असते. त्यासाठी शास्त्राने आज्ञा करण्याचे काहीच कारण नाही. मग विवाह, यज्ञ इत्यादी विधींच्या द्वारा शास्त्र त्यांना अनुमती का देते? ती अनुमती प्रोत्साहनासाठी नसून मर्यादेसाठी आहे आणि त्या मर्यादेचे अंतिम प्रयोजन निवृत्ती हेच आहे, असा तेथील सिद्धान्त आहे.

या भूमिकेचे दोन परिणाम संभवतात. एक तर, विधीचा आधार घेऊन भोगाचे समर्थन करणाऱ्यांचा मुखभंग होतो. शास्त्रात सवलत आहे म्हणून ती घेतलीच पाहिजे, असा युक्तिवाद करणारा कर्मठ हा येथे वासनेचाच दास ठरतो. दुसरे असे की, नियम हा वासनेच्या अस्तित्वाची कबुली देऊन निर्माण झालेला असतो. ज्याला ओढच नाही त्याला मर्यादेची गरज नाही. म्हणजे नियमाचे पालन करणारा गृहस्थ हा वासनामुक्त असतो असे नव्हे. तो वासनेशी प्रामाणिकपणे व्यवहार करीत असतो. संयम आणि वासना यांना परस्परांचे शत्रू न मानता एकाच जीवनक्रमातील दोन अवस्था मानण्याची ही दृष्टी भागवतधर्माच्या पुढील विवेचनाला पायाभूत ठरते.

चोवीस गुरू : जिव्हा आणि पिंगला

सातव्या ते नवव्या अध्यायांत अवधूताने यदुराजाला सांगितलेली चोवीस गुरूंची कथा येते. त्यांपैकी आठव्या अध्यायातील काही गुरू इंद्रियांच्या ओढीचे परिणाम दाखवितात. पतंग रूपाला, हत्ती स्पर्शाला, हरिण नादाला आणि मासा रसाला बळी पडतो. येथपर्यंतचा उपदेश वैराग्यपर वाङ्मयात सर्वत्र आढळणाराच आहे. परंतु माशाच्या दृष्टान्तात एक सूक्ष्म निरीक्षण आहे. उपवासाने इतर इंद्रिये लवकर वश होतात. जिव्हा मात्र त्यामुळे अधिकच बळावते आणि जोवर ती जिंकलेली नाही तोवर इतर इंद्रिये जिंकली असे म्हणता येत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील विचाराशी याचे साम्य उघड आहे. निग्रहाचे साधनच वासनेचे पोषण करू शकते, ही जाणीव या ग्रंथात स्पष्टपणे नोंदविलेली आहे. एकादशीच्या दिवशी उपवासाच्या पदार्थांची रेलचेल पाहणाऱ्या महाराष्ट्रीय वाचकाला या निरीक्षणाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

याच अध्यायात विदेहनगरीतील पिंगला या वारांगनेची कथा आहे. धनवान ग्राहकाची वाट पाहत ती मध्यरात्रीपर्यंत आतबाहेर करते. कोणीच येत नाही. आशा भंगल्यावर तिच्या मनात विरक्ती उपजते आणि ती शांतपणे झोपी जाते. पिंगलेने कोणतेही व्रत आचरिले नव्हते, शास्त्र अभ्यासिले नव्हते किंवा इंद्रियनिग्रहाची साधना केली नव्हती. तिच्या विरक्तीचा उगम तिच्या वासनेच्या अनुभवातच आहे. ज्या आर्ततेने ती परपुरुषाची वाट पाहत होती तिच्याच प्रकाशात तिला आपल्या हृदयात वसणाऱ्या खऱ्या प्रियकराची ओळख पटते. ओढ नाहीशी झाली नाही, तिचा विषय बदलला.

पिंगलेच्या कथेचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक आहे. वासनेच्या मार्गाने गेल्यास आपोआप विरक्ती येते, असा निष्कर्ष या कथेतून काढता येणार नाही. पतंग आणि मासा हेही वासनेच्याच मार्गाने गेले होते. त्यांचा नाश झाला. पिंगलेच्या ठिकाणी जे घडले ते विचारामुळे घडले. निराशा सर्वांच्याच वाट्याला येते. तिच्याकडे पाहण्याची दृष्टी सर्वांना लाभत नाही. अवधूताने पतंगाला आणि पिंगलेला एकाच मालिकेत गुरू मानले असले तरी पतंगापासून त्याने सावधपणा घेतला आणि पिंगलेपासून विवेक, हा भेद महत्त्वाचा आहे.

ज्याला सोडवत नाही त्याचा अधिकार

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एकादश स्कंधाचा विसावा अध्याय केंद्रस्थानी आहे. तेथे ज्ञान, कर्म आणि भक्ती या तीन योगांचे अधिकारी सांगितले आहेत. कर्मांचा ज्याला वीट आला आहे त्याने ज्ञानाचा, ज्याच्या कामना जागृत आहेत त्याने कर्माचा मार्ग धरावा. जो पूर्ण विरक्तही नाही आणि अत्यंत आसक्तही नाही, परंतु ज्याच्या मनात भगवंताच्या कथेविषयी श्रद्धा उत्पन्न झाली आहे, त्याच्यासाठी भक्तियोग आहे. भक्तीचा अधिकारी हा असा मधल्या अवस्थेतील माणूस आहे. बहुतेक माणसे याच अवस्थेत जगत असल्यामुळे भक्ती हा बहुजनांचा मार्ग ठरतो.

पुढे या माणसाचे अधिक नेमके वर्णन येते. विषय दुःखरूप आहेत हे त्याला कळले आहे, तरीही ते सोडण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी नाही. अशा माणसाने काय करावे? त्याने विषय भोगीत असतानाही ते परिणामी दुःखद आहेत याची खंत मनात बाळगावी, निश्चय दृढ ठेवावा आणि प्रेमाने भजन करावे. अशा सतत भजनाने हृदयात भगवंताची वस्ती झाली की तेथील कामना नाहीशा होतात. चौदाव्या अध्यायातही याच अर्थाचे आश्वासन आहे. इंद्रिये न जिंकलेला भक्त विषयांनी पीडला गेला तरी प्रबळ भक्तीमुळे तो सहसा त्यांच्याकडून पराभूत होत नाही. त्या विधानातील 'सहसा' या अर्थाचा शब्द दुर्लक्षिता येत नाही. ग्रंथाने दिलेले हे आश्वासन अनुभवाला धरून आहे, त्यात अतिशयोक्तीचा लोभ नाही.

या भूमिकेवर दोन्ही बाजूंनी आक्षेप घेता येतील. कठोर निवृत्तिवादी म्हणेल की, ही दुर्बलतेला दिलेली मान्यता आहे. भोगही चालू आणि भजनही चालू, अशी सोय झाल्यावर त्यागाचे कष्ट कोण घेईल? उलट स्वच्छंदवादी म्हणेल की, भोग घ्यावयाचा आणि त्याची खंतही बाळगावयाची, हे मनाला विनाकारण दुभंग करणे आहे. इच्छा असेल तर ती निःसंकोचपणे पुरी करावी. दोन्ही आक्षेपांत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. भक्तीच्या नावाखाली भोगाचे समर्थन झाल्याची उदाहरणे धर्माच्या इतिहासात आहेत. खंतीचे रूपांतर निष्फळ आत्मनिंदेत झाल्याचीही आहेत.

परंतु ग्रंथाची भूमिका नीट पाहिली असता दोन्ही आक्षेपांना उत्तर मिळते. तेथे खंत आणि भजन या दोन्ही अटी एकत्र घातल्या आहेत. खंत नसेल तर भजन हे भोगाचे पांघरूण होईल. भजन नसेल तर खंत माणसाला आतून पोखरील. सोडण्याचे सामर्थ्य नाही, हे सत्य स्वतःपासून न लपविणे हा या साधनेतील पहिला निग्रह आहे. विषय सोडण्याआधी दंभ सोडावयाचा, असा हा क्रम आहे. विरक्तीचे सोंग घेणाऱ्या साधूपेक्षा आपली आसक्ती कबूल करणारा प्रापंचिक देवाच्या अधिक जवळ असतो, ही संतवाङ्मयात सर्वत्र आढळणारी धारणा याच क्रमातून आली आहे. तुकारामांच्या अभंगांत ढोंगी वैराग्यावर जे कठोर प्रहार आहेत त्यांचेही मूळ येथे शोधता येते.

इंद्रियांना मारण्याऐवजी त्यांना नवा विषय द्यावा, हा विचार दुसऱ्या अध्यायातील भागवतधर्माच्या निरूपणातही आहे. काया, वाचा, मन, इंद्रिये यांच्याकडून स्वभावानुसार जे जे घडते ते नारायणाला अर्पण करावे, असे तेथे सांगितले आहे. विषयांचे चिंतन करणारे चित्त विषयांत गुंतते आणि भगवंताचे स्मरण करणारे चित्त भगवंतात विलीन होते, असे चौदाव्या अध्यायात म्हटले आहे. चित्ताचा गुंतण्याचा स्वभाव दोन्हीकडे एकच आहे. म्हणून एकनाथांच्या विचारात निग्रह हा चित्ताचा स्वभाव मोडण्याचा प्रयत्न नसून त्याला वळण लावण्याचा प्रयत्न आहे.

नियमभंग आणि करुणा

विधी आणि स्वेच्छा ही दोनच टोके मानली तर नियमभंग हा नेहमी वासनेचाच परिणाम ठरेल. एकनाथांच्या चरित्रपरंपरेत या समजुतीला छेद देणाऱ्या कथा आहेत. महिपतींनी (१७१५–१७९०) 'भक्तलीलामृता'त एकनाथांचे चरित्र विस्ताराने सांगितले आहे. त्या परंपरेतील दोन प्रसंग सर्वश्रुत आहेत. श्राद्धासाठी सिद्ध केलेले अन्न ब्राह्मणांच्या आधी अस्पृश्य मानल्या गेलेल्या भुकेल्यांना वाढले गेले. रामेश्वरासाठी कावडीने आणलेले गंगाजल वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले गेले. या कथांची ऐतिहासिकता हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. परंपरेने त्या जपून ठेवल्या, यातील मूल्यदृष्टी येथे महत्त्वाची आहे.

दोन्ही प्रसंगांत शास्त्रविधीचा भंग आहे. तरीही त्याला कामकार म्हणता येत नाही. येथे कोणाचीही स्वतःची वासना पुरी झालेली नाही. उलट कावडीचे पुण्य आणि ब्राह्मणसमाजातील प्रतिष्ठा या दोन्हींवर पाणी सोडावे लागले आहे. म्हणजे नियम कोणी मोडला यापेक्षा तो कोणासाठी मोडला, या प्रश्नाला अधिक महत्त्व आहे. ज्याने स्वतःच्या इच्छेवर ताबा मिळविला आहे तोच दुसऱ्याच्या तहानेसाठी नियम बाजूला ठेवू शकतो. ज्याला पुण्याचा लोभ सुटलेला नाही त्याला गाढवाची तहान दिसतच नाही. संयमाची खरी कसोटी नियमपालनात नसून, नियम आणि करुणा यांचा विरोध उभा राहिल्यावर माणूस काय निवडतो यात आहे, असा या कथांचा आशय सांगता येईल.

एकनाथांच्या भारुडांत हाच विचार लोकरंजनाच्या वाटेने आला आहे. कामक्रोधरूपी विंचवाच्या दंशाचे त्यांचे भारूड आजही गावोगाव गायिले जाते. विंचू चावलेल्या माणसाची तारांबळ पाहून श्रोते हसतात आणि हसता हसता तो दंश आपल्यालाही झालेला आहे हे ओळखतात. विष उतरविण्यासाठी तेथे सत्त्वगुणाचा उपाय सांगितला आहे. वासनेकडे पाप म्हणून बोट दाखविण्याऐवजी तिला सर्वांना होणारी व्यथा मानण्याची ही रीत श्रोत्याला अपमानित करीत नाही. वारकऱ्यांची तुळशीमाळ, एकादशी, मद्यमांसत्याग आणि आषाढी-कार्तिकीची वारी हे नियमही याच दृष्टीने पाहावे लागतात. एकट्याच्या मनोबळावर जे टिकत नाही ते दिंडीच्या संगतीत टिकते.

विचाराच्या मर्यादा : कोणाची इच्छा, कोणाचा संयम?

एकनाथी भागवताच्या या विचाराला काही मर्यादा आहेत. त्यांकडे डोळेझाक केल्यास चिकित्सा एकांगी होईल. सव्विसाव्या अध्यायात उर्वशीच्या मोहात सापडलेल्या पुरूरव्याचे पश्चात्तापाचे उद्गार आहेत. तेथे स्वतःच्या आसक्तीचा धिक्कार करताना स्त्रीदेहाविषयी घृणा उत्पन्न करणारी भाषा येते. वासना पुरुषाच्या मनात आहे आणि तिचा दोष मात्र स्त्रीच्या देहाकडे सरकविला जातो. वैराग्यवाङ्मयातील हा सार्वत्रिक दोष आहे आणि एकादश स्कंध त्यापासून मुक्त नाही. आठव्या अध्यायातील पिंगला मात्र विचार करणारी, बोलणारी आणि गुरुपदाला पोहोचलेली स्त्री आहे. एकाच ग्रंथातील या दोन चित्रांमधला ताण भक्तिविचाराला पूर्णतः सोडविता आलेला नाही.

हा ताण स्त्रीसंतांच्या जीवनात अधिक तीव्रपणे दिसतो. मंगळवेढ्याची कान्होपात्रा ही गणिकेची कन्या. परंपरेनुसार बेदरच्या बादशहाने तिला बोलावणे पाठविले, तेव्हा तिने पंढरपुरास विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला. पिंगला आणि कान्होपात्रा यांची तुलना उद्बोधक आहे. पिंगलेला स्वतःची आशा सोडावयाची होती. कान्होपात्रेला दुसऱ्याच्या वासनेपासून स्वतःला सोडवावयाचे होते. तिच्या बाबतीत आपल्या मनासारखे वागणे हीच भक्ती होती आणि मन मारून आज्ञा पाळणे हा अधःपात होता.

तुकारामांच्या शिष्या संत बहिणाबाई (मृत्यू १७००) यांच्या आत्मचरित्रपर अभंगांत हा पेच आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. वेदाभ्यासी ब्राह्मण पतीला शूद्र गणल्या गेलेल्या संताची भक्ती मान्य नव्हती आणि त्यासाठी त्यांना मारहाणही सोसावी लागली. पतीची आज्ञा पाळणे हा शास्त्राने सांगितलेला संयम आणि तुकारामांना गुरू मानणे ही मनाची ओढ, असे तत्कालीन समाजाचे गणित होते. बहिणाबाईंनी पातिव्रत्य नाकारले नाही आणि भक्तीही सोडली नाही. दोन्ही एकत्र सांभाळण्याची वाट शोधण्यात त्यांच्या आयुष्याची मोठी शक्ती खर्ची पडली. त्यांचे अभंग वाचताना असे जाणवते की, 'स्वेच्छा' या शब्दाखाली विषयवासना आणि आत्म्याची हाक या दोन अगदी भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात. ज्यांच्या हाती अधिकार असतो ते आपल्या इच्छेला शास्त्र म्हणतात आणि अधिकार नसलेल्यांच्या आर्ततेला स्वैरता म्हणतात. संयमाचा उपदेश ऐकताना तो कोणी कोणाला केला आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

आत्मसंयम आणि दडपणूक यांतील भेद येथे स्पष्ट होतो. आत्मसंयमात आवरणारा आणि आवरला जाणारा एकच असतो. दडपणुकीत एकाची इच्छा दुसऱ्याच्या इच्छेखाली गाडली जाते आणि तिला संयमाचे नाव दिले जाते. विसाव्या अध्यायातील साधक स्वतःच्या आसक्तीची खंत स्वतः बाळगतो. ती खंत दुसऱ्याने त्याच्यावर लादलेली नाही. एकनाथांच्या विचारातील हे सूत्र कायम ठेवले तर बहिणाबाईंच्या बाजूने उभे राहण्याचे सामर्थ्य त्या विचारातच आहे. ते सूत्र सुटले तर हाच विचार दुर्बलांना गप्प बसविण्यासाठी वापरला जाऊ शकतो आणि तसा तो वापरलाही गेला आहे.

समारोप

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात. पहिला असा की, एकनाथी भागवतात निग्रह आणि वासना यांचा विरोध अंतिम मानलेला नाही. नियम ही वासनेची मर्यादा आहे आणि भक्ती हे तिचे रूपांतर आहे. दुसरा असा की, आचरणाच्या कठोरपणावरून संयमाचे मोजमाप होत नाही. घोर तपात वासना असू शकते, उपवासात जिव्हा बळावू शकते आणि नियमभंगात करुणा असू शकते. तिसरा असा की, ज्याला विषय सोडवत नाहीत त्यालाही भक्तीचा अधिकार आहे, मात्र आपल्या अवस्थेविषयी त्याने प्रामाणिक असले पाहिजे. चौथा आणि मर्यादादर्शक निष्कर्ष असा की, संयमाचा उपदेश स्वतःकडे वळविलेला असेल तरच तो धर्म ठरतो.

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येणाऱ्या पसायदानातील मागण्यांचा क्रम या संदर्भात लक्षात घेण्यासारखा आहे. प्रथम दुर्जनांच्या मनातील वक्रता जावी, सत्कर्माची आवड वाढावी आणि जीवांचे परस्परांशी मैत्र जडावे, अशी मागणी आहे. त्यानंतर स्वधर्माच्या प्रकाशाची मागणी येते आणि मग ज्याला जे हवे असेल ते त्याला मिळावे, असे म्हटले आहे. इच्छा मारून टाकाव्यात, अशी प्रार्थना ज्ञानदेवांनी केलेली नाही. मने अशी व्हावीत की कोणाचीही इच्छा दुसऱ्याला जाचक ठरू नये आणि मग ती खुशाल पुरी व्हावी, असे त्यांचे मागणे आहे. एकनाथांनी ज्या ग्रंथाचा पाठ शुद्ध केला त्याच्या शेवटच्या मागण्यात त्यांच्या स्वतःच्या वासनाविचाराची दिशा अशी आधीच दिसते. उपदेश करणाऱ्याची इच्छा आणि ऐकणाऱ्याची इच्छा यांना त्या मागण्यात सारखेच स्थान आहे. भक्तिपरंपरेच्या नावाने आज दिल्या जाणाऱ्या संयमाच्या उपदेशाची पारख याच मापाने व्हावयास हवी.